दवाखान्यातले कागद कसे मागायचे? शिरूर-दौंडच्या कुटुंबांसाठी सविस्तर माहिती

घरात कुणी आजारी पडले की आपण पैशाची सोय करतो, गाडी बघतो, रक्त देणारा शोधतो. कागदांकडे मात्र लक्ष जात नाही. पेशंट बरा होऊन घरी आला की फाईल कपाटावर जाते आणि त्यातले निम्मे कागद दवाखान्यातच राहिलेले असतात. सहा महिन्यांनी विमा कंपनी कागद मागते, पुण्याचे डॉक्टर विचारतात की आधीच्या ऑपरेशनमध्ये नक्की काय केले होते, किंवा अपघाताच्या भरपाईसाठी वकील केस पेपर आणायला सांगतात. तेव्हा धावपळ सुरू होते.

आम्ही शाळेत शिकवतो, त्यामुळे पालक अर्ज लिहून घ्यायला आमच्याकडे येतात. दवाखान्याच्या कागदांसाठी येणाऱ्या बहुतेकांचे म्हणणे एकच असते: "तीन चकरा मारल्या, देतच नाहीत." अर्ज दिला होता का, असे विचारले की उत्तर येते, "नाही, तोंडी सांगितले होते." गाडी अडते ती इथेच. तोंडी मागितलेल्या कागदाची कुठेच नोंद होत नाही. लेखी अर्ज दिला, त्यावर पोच घेतली, की दवाखान्यावर मुदत लागू होते. ती मुदत किती, अर्ज कुणाकडे द्यायचा आणि नकार मिळाला तर पुढे काय करायचे, ही माहिती इथे एकत्र दिली आहे.

थोडक्यात

- आपल्या उपचाराच्या कागदांच्या नकला मिळणे हा पेशंटचा हक्क आहे. दवाखाना खाजगी असो की सरकारी, हक्क तोच.
- डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांप्रमाणे लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात.
- झेरॉक्सचा वाजवी खर्च दवाखाना घेऊ शकतो.
- अर्ज दोन प्रतींत करा. एका प्रतीवर सही, शिक्का आणि तारीख घ्या.
- ॲडमिट पेशंटचे कागद किमान ३ वर्षे जपण्याचे बंधन आहे. त्यामुळे उशीर करू नका.

हक्क कुठून आला?

इंडियन मेडिकल कौन्सिलने २००२ साली डॉक्टरांच्या वागणुकीबद्दल नियम केले. त्यात म्हटले आहे की ॲडमिट झालेल्या पेशंटचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे सांभाळावेत. पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागणी केली तर पोच द्यावी आणि ७२ तासांत कागद द्यावेत. असे न करणे हे त्याच नियमांत गैरवर्तन धरले आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले होते, पण त्याच महिन्यात त्यांना स्थगिती मिळाली आणि २००२ चेच नियम पुन्हा लागू झाले.

त्याच्याही आधी, १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयाने रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या प्रकरणात हा प्रश्न निकाली काढला. पेशंटने किंवा त्याच्या जवळच्या नातेवाईकाने केस पेपरच्या नकला मागितल्या तर त्या द्याव्या लागतील, गोपनीयतेचे कारण पुढे करता येणार नाही, मात्र नकलांचा खर्च घेता येईल, असे न्यायालयाने सांगितले. राज्यातल्या सगळ्या दवाखान्यांना आणि डॉक्टरांना तसे परिपत्रक पाठवा, असा आदेशही मेडिकल कौन्सिलला दिला. म्हणून "हे कागद दवाखान्याची मालमत्ता आहेत" असे कुणी म्हणाले तर वाद घालत बसू नका. मूळ फाईल दवाखान्याकडेच राहू द्या, आपल्याला तिची नक्कल हवी आहे.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली रुग्ण हक्कांची सनद तयार केली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ती राज्यांकडे पाठवली. पेशंट ॲडमिट असताना शक्यतो २४ तासांत आणि डिस्चार्जनंतर ७२ तासांत कागद मिळावेत, असे तिच्यात आहे. महाराष्ट्रात खाजगी दवाखान्यांची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली होते. त्या कायद्याच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात तर काउंटरजवळच्या भिंतीवर ती शोधा.

एक खुलासा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये २०१० च्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्याचा दाखला असतो. तो केंद्रीय कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. त्याचे कलम अर्जात घातले तर समोरचा माणूस तेवढीच चूक पकडेल. आपल्याकडे २००२ चे नियम आणि १९९६ चा निकाल पुरेसे आहेत.

कोणते कागद मागायचे?

"सगळे कागद द्या" असे लिहिले की बहुधा डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स हातात पडते. डिस्चार्ज कार्ड म्हणजे एक-दोन पानांचा सारांश. विमा कंपनी "इनडोअर केस पेपर" मागते तेव्हा तिला ॲडमिट असतानाची पूर्ण फाईल हवी असते. म्हणून अर्जात नावे लिहा:

१. ॲडमिट होतानाचा केस पेपर आणि तपासणीची नोंद
२. डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी
३. नर्सचा तक्ता (ताप, नाडी, रक्तदाब, सलाईन, औषधांच्या वेळा)
४. ऑपरेशन झाले असेल तर ऑपरेशन नोट आणि भूल दिल्याची नोट
५. सही घेतलेली संमतीपत्रे
६. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सीटी, एमआरआय यांचे रिपोर्ट, फिल्म किंवा सीडी
७. दुसरीकडे पाठवले असेल तर रेफर चिठ्ठी
८. डिस्चार्ज कार्ड, किंवा पेशंट वारला असेल तर मृत्यूचा सारांश
९. तपशीलवार बिल आणि पैसे भरल्याच्या पावत्या

हाडात रॉड-प्लेट किंवा हृदयात स्टेंट बसवला असेल तर त्या वस्तूचे स्टिकर फाईलमध्ये चिकटवलेले असते. त्यावर कंपनी आणि नंबर असतो. त्या पानाची नक्कल आवर्जून मागा. पुढे रॉड काढायचा झाला किंवा तक्रार करायची झाली तर त्याचा उपयोग होतो.

अर्ज कोण करू शकतो?

पेशंट सज्ञान असेल तर पहिला हक्क त्याचा स्वतःचा. हा मुद्दा आपल्या घरांत थोडा नीट समजून घ्यायला हवा. बायकोचे कागद नवऱ्याने, सुनेचे कागद सासऱ्यांनी मागायचे, अशी आपल्याकडे रीत आहे. पण बाईच्या उपचाराचे कागद तिचे आहेत. तिची सही किंवा अंगठा असलेले अधिकारपत्र जोडले की नवरा, भाऊ, मुलगा कुणीही ते आणू शकतो. तेवढे नसेल आणि दवाखान्याने कागद दिले नाहीत, तर ते चुकीचे वागले असे म्हणता येणार नाही. बाळंतपण, गर्भपात, मानसिक आजार, एचआयव्ही अशा बाबतीत गुप्तता तर अधिकच कडक असते.

मूल लहान असेल तर आई किंवा वडील अर्ज करू शकतात. पेशंट बेशुद्ध किंवा गंभीर असेल तर जवळच्या नातेवाईकाने तसे लिहून द्यावे. पेशंट हयात नसेल तर वारसाने मृत्यूचा दाखला आणि नाते दाखवणारा कागद (रेशन कार्ड, आधार, निकाहनामा) जोडावा.

शौहर वारल्यावर बेवा इद्दतीत असते. चार महिने दहा दिवस ती दवाखान्यांच्या आणि कचेऱ्यांच्या चकरा मारू शकत नाही, आणि कागद लागतात ते नेमके त्याच काळात. अशा वेळी तिने घरूनच अधिकारपत्रावर सही करून मुलाला किंवा भावाला पाठवावे. इद्दत संपेपर्यंत थांबायची गरज नाही.

नावाचा घोळ आधी मिटवा

विम्याचे आणि योजनेचे दावे अडतात त्याचे एक मोठे कारण म्हणजे नाव. आपल्या नावांत हा घोळ जास्त होतो. 'शेख' कधी पुढे लागते, कधी मागे. 'मोहम्मद'चे कुठे 'मो.' होते, तर कुठे 'एमडी', जे दवाखान्यात डॉक्टरांची डिग्री वाटते. बायकांच्या नावाला एका कागदावर 'बी' जोडतात, दुसऱ्यावर 'बानो', तिसऱ्यावर काहीच नाही. माहेरचे नाव आधारवर आणि सासरचे केस पेपरवर, हेही नेहमीचेच. इंग्रजीत एकट्या 'शेख'चीच तीन-चार स्पेलिंग चालतात.

यासाठी तीन गोष्टी करा. ॲडमिट करताना नाव तोंडी सांगू नका, आधार कार्ड पुढे ठेवा आणि त्याप्रमाणे लिहायला सांगा. मनगटावरची पट्टी आणि पहिला केस पेपर वाचून पाहा, चूक असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या. डिस्चार्ज कार्ड हातात आल्यावर नाव, वय, तारीख आणि ऑपरेशनची बाजू (डावी की उजवी) वाचल्याशिवाय बाहेर पडू नका.

चूक नंतर लक्षात आली तर कागदावर पेनाने खाडाखोड करू नका. तसा कागद संशयास्पद ठरतो. दवाखान्याला अर्ज द्या, आधारची प्रत जोडा आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे पत्र त्यांच्या लेटरहेडवर मागा.

अर्जाचा नमुना

दहावीच्या मुलांना आम्ही औपचारिक पत्र शिकवतो. दिनांक, प्रति, विषय, मजकूर, सही. हा अर्ज त्याच पद्धतीचा आहे. घरातली शाळकरी मुलगीसुद्धा लिहून देऊ शकते.

*दिनांक: ........*

*प्रति,*
*मा. वैद्यकीय अधीक्षक / संचालक,*
*(दवाखान्याचे नाव व पत्ता)*

*विषय: उपचाराच्या कागदपत्रांच्या नकला मिळण्याबाबत.*

*महोदय / महोदया,*

*मी (नाव) आपल्या रुग्णालयात दि. ........ ते दि. ........ या काळात दाखल होतो / होते. माझा नोंदणी (आयपीडी) क्रमांक ........ आहे. माझ्या उपचाराच्या खालील कागदपत्रांच्या साक्षांकित नकला मला हव्या आहेत. (यादी)*

*इंडियन मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांतील नियम १.३.२ प्रमाणे या नकला ७२ तासांत द्याव्यात, ही विनंती. नकलांचा खर्च भरण्यास मी तयार आहे. काही कागद देता येत नसतील तर त्याचे कारण लेखी कळवावे.*

*आपला विश्वासू / आपली विश्वासू,*
*(सही, नाव, पत्ता, मोबाईल)*

*सोबत: आधार कार्डाची प्रत, डिस्चार्ज कार्डाची प्रत, अधिकारपत्र (लागू असल्यास)*

अर्जात कारण लिहायची सक्ती नाही. डॉक्टरांवर आरोप, धमकी, "कोर्टात खेचू" असले काही लिहू नका. साध्या अर्जाला साधे उत्तर मिळते. बहुतेक डॉक्टर कागद द्यायला तयार असतात, काउंटरवरचा माणूस जबाबदारी घ्यायला घाबरतो. त्याच्या हातात लेखी अर्ज असला की त्यालाही वर विचारणे सोपे जाते.

पोच द्यायला नकार मिळाला तर भांडू नका. तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. पोस्टाची पावती आणि पोहोचल्याची नोंद हीच तुमची पोच.

शिरूर आणि दौंडमध्ये कुठे जायचे?

*सरकारी दवाखाने.* शिरूर आणि न्हावरे येथे ग्रामीण रुग्णालय आहे. दौंड शहरात उपजिल्हा रुग्णालय आणि त्याच तालुक्यात यवतला ग्रामीण रुग्णालय आहे. इथे अर्ज वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाने द्या. ओपीडीचा केस पेपर पेशंटकडेच असतो. तो हरवला तर तारीख आणि नंबर सांगितल्याशिवाय नोंद सापडणे अवघड. म्हणून केस पेपर मिळाल्याबरोबर मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

*ससून.* दौंडहून रेल्वेने आणि शिरूरहून एसटीने आपले पेशंट ससूनला जातात. पुणे स्टेशनवरून ससून चालत जाण्याइतके जवळ आहे. एवढ्या मोठ्या रुग्णालयात कागद वॉर्डात नसतात, डिस्चार्जनंतर ते मेडिकल रेकॉर्ड विभागात जातात. तिथे नोंदणी क्रमांक, वॉर्ड आणि तारखा हे तिन्ही सांगितले की काम होते. नुसत्या नावावर शोधायला सांगितले तर चकरा वाढतात.

*खाजगी दवाखाने.* शिरूरचे पेशंट एकतर पुण्याला जातात, नाहीतर नदी ओलांडून अहिल्यानगरला. तक्रारीची वेळ आली तर दवाखाना कोणत्या हद्दीत आहे ते बघावे लागते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड शहरातल्या दवाखान्यांसाठी त्या-त्या महापालिकेचा आरोग्य विभाग, तालुक्यातल्या दवाखान्यांसाठी जिल्हा शल्यचिकित्सक. पुणे जिल्ह्याचे हे कार्यालय औंधच्या जिल्हा रुग्णालयात आहे. दवाखाना नगरचा असेल तर तिथले अधिकारी.

*कारखान्यातले कामगार.* रांजणगाव आणि कुरकुंभ एमआयडीसीतल्या अनेकांना ईएसआयसी लागू आहे. कामावर दुखापत झाली की पहिल्या दवाखान्यातला पहिला केस पेपर सगळ्यात महत्त्वाचा. दुखापत कुठे आणि कशी झाली, हे त्यात काय लिहिले आहे ते वाचा. "घरी पडला" असे लिहिले गेले तर कामावरच्या अपघाताचा दावा पुढे कठीण होतो. कुणी काहीही सुचवले तरी डॉक्टरांना घडले तेच सांगा.

*रेल्वे.* दौंडमध्ये रेल्वेचे स्वतःचे रुग्णालय आहे. तिथे उपचार घेणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनीही असाच लेखी अर्ज करावा.

पेशंट दुसरीकडे हलवताना

आपल्या भागात ही वेळ वारंवार येते. रात्री शिरूरला ॲडमिट केले, पहाटे सांगितले की पुण्याला न्या. त्या घाईत नातेवाईक फक्त ॲम्ब्युलन्सकडे धावतात. एकाने पेशंटबरोबर राहावे आणि एकाने कागद गोळा करावेत. रेफर चिठ्ठीवर आतापर्यंत दिलेली औषधे, इंजेक्शने आणि त्यांच्या वेळा लिहून घ्या. झालेले रिपोर्ट आणि ईसीजी सोबत घ्या. हे नसले तर पुढच्या दवाखान्यात तपासण्या पुन्हा होतात, पैसे दोनदा जातात आणि वेळही जातो. पुढच्या डॉक्टरांना आधी काय दिले ते कळले नाही, तर तेच औषध दोनदा दिले जाण्याचा धोका असतो. बाकीच्या पूर्ण फाईलसाठी नंतर अर्ज करता येतो, पण या चार कागदांसाठी दहा मिनिटे थांबणे फायद्याचे आहे. झेरॉक्स मिळत नसेल तर फोटो काढू द्या, असे नम्रपणे सांगा.

मय्यत झाल्यावर

आपल्यात दफन लवकर करण्यावर भर असतो. मय्यत ताब्यात मिळाली की सगळे निघतात, कागद मागे राहतात. ते साहजिकच आहे. तरी दूरच्या नात्यातल्या एखाद्या शांत माणसावर ही जबाबदारी द्यावी.

दवाखान्यात मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र दवाखाना निबंधकाकडे पाठवतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. तिच्याप्रमाणे या प्रमाणपत्राची एक प्रत जवळच्या नातेवाईकाला द्यावी लागते. ती मागून घ्या. मृत्यूचा दाखला वेगळा असतो, तो नगरपालिका, ग्रामपंचायत अशा नोंदणी कार्यालयातून मिळतो. नोंदणीची नेहमीची मुदत २१ दिवसांची आहे. दाखल्यावर नाव चुकले तर बँक, विमा, वारस नोंद सगळे अडते, म्हणून दवाखान्याने निबंधकाकडे पाठवलेले नाव आधारप्रमाणे आहे का ते विचारा.

अपघात, विषबाधा, भाजणे अशा प्रकरणांत पोलिसांकडे नोंद होते. पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम रिपोर्टसाठी संबंधित पोलीस ठाण्यात अर्ज करावा. उपचाराचे कागद मात्र दवाखान्याकडूनच मागायचे. "पोलीस केस आहे, पेशंटला कागद देता येत नाहीत" असे सांगितले तर ते लेखी द्या म्हणा.

"आधी बिल भरा" म्हटले तर?

७२ तासांच्या नियमात बिलाची अट घातलेली नाही. बिलाचा वाद वेगळा, कागदांचा हक्क वेगळा. तरी आमचा सल्ला असा की बिलाबद्दल तक्रार असेल तर तिचा स्वतंत्र अर्ज द्या, नकलांच्या अर्जात ती मिसळू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार झाले असतील तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. योजनेच्या १५५३८८ या टोल फ्री क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

सरकारी दवाखान्याने दाद दिली नाही तर

साध्या अर्जाने काम झाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. राज्य सरकारच्या दवाखान्यासाठी शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर शुल्क नाही, कार्डाची प्रत जोडावी. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत असावा लागतो. उत्तराची मुदत ३० दिवस. माणसाच्या जिवाचा प्रश्न असेल तर ४८ तास, पण अर्जात तसे स्पष्ट लिहावे लागते.

उत्तर आले नाही किंवा नकार मिळाला तर ३० दिवसांत पहिले अपील, २० रुपयांच्या स्टॅम्पसह. त्यावरही समाधान झाले नाही तर ९० दिवसांत दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे. रेल्वे आणि ईएसआयसी या केंद्राच्या संस्था आहेत. तिथे कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडावी किंवा ऑनलाइन अर्ज करावा. पहिल्या अपिलाला शुल्क नाही.

खाजगी दवाखान्याने दाद दिली नाही तर

पायऱ्या क्रमाने चढा.

१. ७२ तास झाल्यावर, पहिल्या अर्जाची तारीख देऊन स्मरणपत्र.
२. जिल्हा शल्यचिकित्सकांकडे किंवा महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे तक्रार, पोचेची प्रत जोडून.
३. डॉक्टरांविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार. हे कौन्सिल ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी आहे. तालुक्यात बरेच दवाखाने बीएएमएस आणि बीएचएमएस डॉक्टर चालवतात. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांची राज्यात वेगळी कौन्सिले आहेत. म्हणून पाटीवरची डिग्री आणि नोंदणी क्रमांक आधी लिहून घ्या.
४. पैसे देऊन उपचार घेतले असतील तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. घटनेपासून २ वर्षांची मुदत असते. उपचारासाठी भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. दवाखाना कागद देण्यात वेळ काढत राहिला तरी ही मुदत आपल्यासाठी थांबून राहील असे समजू नका.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर शिरूर आणि दौंड न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिला आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत कायदेशीर मदत मिळू शकते.

घरात एक फाईल ठेवा

प्रत्येक माणसाची वेगळी फाईल करा. तारखेप्रमाणे कागद लावा, नवा सगळ्यात वर. पहिल्या पानावर रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधे आणि झालेली ऑपरेशने लिहा. लॅबचे गुळगुळीत थर्मल कागद काही महिन्यांत पांढरे पडतात, त्यांची झेरॉक्स लगेच काढा. एक्सरे आणि सीटीच्या फिल्म दुमडू नका. फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाईलवर ठेवा. 'आभा' हा १४ आकडी आरोग्य क्रमांक काढला असेल तर तोही पहिल्या पानावर लिहा. पण मोबाईलमध्ये आहे म्हणून कागदी फाईल टाकून देऊ नका.

मूळ कागद कुणाच्याही हातात देऊन मोकळे होऊ नका. विमा कंपनीने मूळ कागद मागितलेच तर आधी पूर्ण संच झेरॉक्स करून घ्या आणि दिलेल्या पानांची यादी करून तिच्यावर सही घ्या.

अब्बूंच्या बायपासला, अम्मीच्या ऑपरेशनला दोन-तीन वर्षे होत आली असतील आणि पूर्ण फाईल घरात नसेल, तर याच आठवड्यात अर्ज द्या. तीन वर्षांचे बंधन संपल्यावर कागद मिळाले तर नशीब, नाही मिळाले तर आपल्या हातात काही राहत नाही.